अमेरिकेतला बंब

माझ्या मेव्हण्याने अमेरिकेत ट्रेलर घेतला आहे, असे हिने मला सांगितले तेव्हा मी वर्तमानपत्र वाचत होतो. माझ्या माहितीतले ट्रेलर दोनच. एक ट्रॅक्टरच्या मागे ऊस वाहतो आणि दुसरा थिएटरात मुख्य चित्रपटाच्या आधी दाखवतात. मेव्हण्याच्या सात पिढ्यांत कुणी उसाचे कांडे लावलेले नाही, म्हणून मी विचारले, “मग पिक्चर कधी लागणार?” हिने वर्तमानपत्र काढून घेतले आणि फोनमधला फोटो माझ्या नाकासमोर धरला.

फोटोत चाकांवरची एक पांढरी पेटी होती. मधोमध पिवळा पट्टा. आपल्याकडे अशा पेटीत अंडाभुर्जी मिळते. अमेरिकन माणूस म्हणे ही पेटी मोटारीच्या मागे जोडतो, रानात नेऊन उभी करतो आणि घरी ज्या सोयी मोठ्या आकारात आहेत त्याच तिथे लहान आकारात वापरून आनंद मानतो. आत गॅसची शेगडी, बेसिन, चौघा-पाचजणांना पाय दुमडून झोपता येईल अशी जागा आणि आमच्या बँकेतल्या स्टेशनरीच्या कपाटाएवढी न्हाणी. पेटी १९७६ सालची. म्हणजे खुद्द मेव्हण्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी. पन्नाशीकडे झुकलेली वस्तू तिकडे भंगारात न जाता ‘व्हिंटेज’ या नावाने चढ्या भावात विकली जाते, हे ऐकून मला स्वतःविषयी जरा धीर आला.

२०२३ च्या मे महिन्यात आम्ही दोघे आणि सासूबाई असे तिघे शिकागोजवळ नेपरव्हिलला मेव्हण्याकडे गेलो. सासूबाईंच्या बॅगेत गोडा मसाला, मेतकूट, सांडगे आणि एक पक्कड होती. लाल मुठीची, जुनी, एका बाजूला मूठ फाटून चिकटपट्टी गुंडाळलेली. ती सासऱ्यांची. सासरे साताऱ्याला शाळेत गणित शिकवायचे आणि उरलेल्या वेळात घरातली कुठलीही वस्तू टाकून देऊ द्यायचे नाहीत. इस्त्री, मिक्सर, छत्री, चष्मा, सगळे त्या पकडीखालून गेलेले. २०२१ च्या जूनमध्ये ते गेले. अमेरिकेने त्याच वर्षी ४ मेपासून भारतातून येणाऱ्यांना दार लावून घेतले होते. मेव्हणा नोकरीच्या व्हिसावरचा. आला असता तर परत कधी जाता येईल याचा भरवसा नव्हता. बायको आणि लहान मुलगी तिकडे. त्याने सगळे फोनच्या पडद्यावर पाहिले. त्याविषयी तो बोलत नाही, सासूबाईही बोलत नाहीत. त्यांनी पक्कड आणली, एवढेच. त्याने ती दोन्ही हातांनी घेतली आणि लगेच दुसऱ्या खोलीत जाऊन काहीतरी दुरुस्त करू लागला.

मेच्या एका शुक्रवारी आम्ही पेटी मोटारीला जोडून विस्कॉन्सिन राज्यातल्या डेव्हिल्स लेकला निघालो. मी सासूबाईंना नावाचा अर्थ सांगितला. ही चूक झाली.

“सैतानाच्या तळ्यावर? सकाळची अंघोळ मी तिथे करू?”

माझ्या भाचीने शाळेत शिकलेले कामी आणले. तिथल्या मूळच्या हो-चंक लोकांनी तळ्याला दिलेल्या नावाचा अर्थ ‘पवित्र तळे’. गोऱ्यांनी भाषांतर करताना देवाचा सैतान केला.

“मग तीर्थच की,” सासूबाई म्हणाल्या आणि गाडीत झोपी गेल्या.

आता सासूबाईंच्या अंघोळीविषयी. त्या सकाळी उठल्यावर गरम पाण्याने अंघोळ केल्याशिवाय चहा घेत नाहीत, आणि चहा घेतल्याशिवाय कुणाला तो सुखाने घेऊही देत नाहीत. बोलत नाहीत काही. नुसत्या बघतात. तळ्याकाठच्या तळावर दोनशे पावलांवर सार्वजनिक न्हाणीघर होते, कढत पाण्याचे. मेव्हण्याच्या बायकोने त्यांना ते नेऊन दाखवले. त्यांनी दारातून आत पाहिले, चपला घालून अंघोळ करणारी एक मेम पाहिली आणि तशाच परत फिरल्या.

“काळजी करू नकोस आई,” मेव्हणा म्हणाला, “ट्रेलरमध्ये आपलं स्वतःचं गरम पाणी आहे.”

हे वाक्य त्याने शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता उच्चारले.

पेटीच्या बाहेरच्या अंगाला कमरेइतक्या उंचीवर एक जाळीचे झाकण होते. ते उघडले की आत पाणी तापवायचे यंत्र. मी वाकून पाहिले आणि मला हसूच फुटले. तो आपला बंब होता! आडवा पाडलेला, चौकोनी डगला घातलेला, पण बंबच. बंबात काय असते? मधून एक नळी, नळीत विस्तव, भोवती पाणी. इथेही टाकीच्या पोटातून नळी वळवून नेलेली. खालच्या तोंडाशी जाळ, वरच्या तोंडाने धूर बाहेर. टाकीत पाणी सहा गॅलन, म्हणजे सुमारे तेवीस लिटर. फरक इतकाच, की आपण करवंट्या आणि शेणी घालतो, हा प्रोपेन वायू जाळतो. आपल्या सिलिंडरात प्रोपेन आणि ब्यूटेन यांचे मिश्रण असते. ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपासच वायू व्हायचे नाकारतो. प्रोपेन उणे बेचाळीसपर्यंत तक्रार करत नाही. तिकडच्या थंडीत म्हणून प्रोपेनच लागतो.

“भावोजी, याची सिस्टिम वेगळी आहे,” मेव्हणा म्हणाला. तो सॉफ्टवेअर इंजिनिअर. मी कॉमर्सचा. त्यामुळे मी टॉर्च धरायची, असे आपोआप ठरले.

सिस्टिम अशी. मोठ्या जाळाच्या आधी एक छोटी ज्योत पेटवायची. तिला पायलट म्हणतात. समोरच्या बटणाचा खटका दाबून धरायचा, ज्योत लावायची, आणि थोड्या वेळाने खटका सोडायचा. सोडल्यावर ज्योत राहिली तर गंगेत घोडे न्हाले. आमची ज्योत राहत नव्हती. खटका दाबलेला असेपर्यंत ती मिणमिणायची. सोडला की फुस्स.

यामागचे इंगित मेव्हण्याने मला समजावून सांगितले, आणि सांगायला हरकत नाही, मला ते फार आवडले. ज्योतीत एक बोटभर कांडी असते, थर्मोकपल. दोन वेगळ्या धातू जोडून त्यांचा सांधा तापवला की वीज निघते, हे सीबेक नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाला १८२१ साली आढळले. वीज किती, तर अवघी तीसेक मिलिव्होल्ट. टॉर्चचा एक सेल दीड हजार मिलिव्होल्टचा असतो. पण तेवढ्यावर एक चिमुकले लोहचुंबक गॅसचे दार उघडे धरून ठेवते. ज्योत विझली, कांडी निवली, की दार बंद. म्हणजे कुणी बघत नसताना गॅस सुटून अनर्थ होऊ नये म्हणून नेमलेला हा रखवालदार. त्याला ऊब लागली तरच तो कामावर उभा राहतो. आमच्या बँकेचा रखवालदारही असाच आहे. त्याला चहाची लागते.

रात्री साडेनऊपर्यंत मेव्हण्याने ती ज्योत चौदा वेळा पेटवली. मी मोजले, कारण टॉर्च धरणाऱ्याला दुसरे काम नसते. मग सासूबाईंनी हाक मारून जेवायला बोलावले. पेटीत फोडणी देताच छतावरचा धुराचा भोंगा असा कोकलला, की शेजारच्या तळावरचे एक आजोबा मदतीला धावून आले. त्यांना वरण-भात द्यावा लागला.

शनिवारी सकाळी मी उठलो तेव्हा बाहेर हाडे गोठवणारी थंडी, तळ्यावर धुके, आणि मेव्हणा बंबापुढे उकिडवा. त्याने नवे थर्मोकपल आणलेलेच होते, ते बसवले. ज्योत लावली. खटका सोडला. फुस्स. सासूबाई शाल पांघरून घडीच्या खुर्चीत बसल्या होत्या. बिनचहाच्या. त्यामुळे आम्हीही.

आता मला राहवेना. मी म्हटले, “हे बघ, बँकेत हिशेब जुळला नाही की आम्ही मोठी अफरातफर शोधत नाही. फरकाला नवाने भागून बघतो. निःशेष भाग गेला की कुणीतरी बहात्तरचे सत्तावीस लिहिलेत असा संशय घ्यायचा. ते नसलं तर पहिल्या व्हाउचरपासून एकेक टिकमार्क करत जायचं. आपण पहिल्यापासून येऊ. गॅस येतोय का?”

“भावोजी, शेगडी पेटतेय म्हणजे गॅस येतोय.”

“टिक. दुसरं...”

“भावोजी, टॉर्च जरा डावीकडे.”

दुसरे व्हाउचर राहून गेले. ते मी बरोबर काढले असते असे सांगण्याचा मोह मला होतो आहे. पण पोटावर हात ठेवून सांगतो, माझ्या डोक्यात त्या वेळी चहाशिवाय काही नव्हते. ते व्हाउचर काढले खुर्चीतून सासूबाईंनी.

“बाळ, बंबात पाणी घातलंयस ना रे?”

आम्ही सगळे हसलो. ही हसली, मेव्हण्याची बायको हसली, मी सगळ्यांत मोठ्याने हसलो. मेव्हणा हसत हसतच म्हणाला, “आई, नळाला पाणी येतंय की! पंपानं आपोआप भरतं ते. यात कुणी तपेल्यानं पाणी ओतत नाही.”

“नळाला येतंय रे. बंबात आहे का विचारते.”

टाकीवर एक सुरक्षा-झडप असते. आत दाब किंवा उष्णता वाजवीपेक्षा वाढली तर ती उघडून पाणी बाहेर सोडते. तिचा दांडा उचलला की भरलेल्या टाकीतून पाण्याची चिळकांडी उडायला हवी. आईची समजूत घालावी म्हणून मेव्हण्याने दांडा उचलला.

थेंब आला नाही. नुसता कोरडा सुस्कारा आला.

कुणी हसेना. मेव्हणा दांडा हातात धरून तसाच राहिला. मग धावत आत गेला, पलंगाखालची फळी काढली आणि पालथा पडून आत डोकावला. झाले होते असे. तिकडे हिवाळ्यात नळ्यांतले पाणी गोठून नळ्या फुटतात, म्हणून ऑक्टोबरात सगळे पाणी काढून नळ्यांत न गोठणारे गुलाबी रंगाचे द्रव भरून ठेवतात. ते महाग द्रव बंबाच्या टाकीत वाया जाऊ नये म्हणून टाकी रिकामी करून तीन चाव्या फिरवायच्या; पाणी मग टाकीला वळसा घालून थेट नळाला जाते. या चाव्या ऑक्टोबरात फिरवल्या होत्या खुद्द मेव्हण्याने. वसंतात उलट फिरवायच्या राहिल्या. शुक्रवारी संध्याकाळपासून आम्ही ठणठणीत कोरड्या बंबाखाली जाळ करायची खटपट करत होतो, आणि ज्या बिघाडाला शिव्या घालत होतो त्या बिघाडानेच आम्हाला अडवून धरले होते.

मेव्हणा पायरीवर येऊन बसला. बेचाळीस वर्षांचा माणूस, पण तोंड शाळेत छडी खाल्ल्यासारखे.

“भावोजी, ती ज्योत रात्री टिकली असती तर?”

मी काय सांगणार? टाकी जळून कामातून गेली असती हे नक्की. पुढचे मला बोलवेना. आत सहा माणसे झोपली होती.

“टिकली नाही ना?” सासूबाई म्हणाल्या. “मग ऊठ. आधी पाणी, मग विस्तव.”

हे वाक्य सासऱ्यांचे. मेव्हणा दहा वर्षांचा असताना त्याने एका रविवारी सगळ्यांच्या आधी उठून बापाला खूश करण्यासाठी बंब पेटवला होता. कोरडा. बंबाचे सांधे सुटले. सासऱ्यांनी त्याला जन्मात एकदाच मारले ते त्या दिवशी. आणि मग त्याच पोराला सायकलच्या दांड्यावर बसवून, बंब कॅरियरला बांधून, तांबटाकडे नेला आणि दुपारभर दोघे तिथे बसून तो झाळून घेतला. येताना उसाचा रस. हे सासूबाईंनी तळ्याकाठी शाल सावरत सांगितले. हिलासुद्धा ठाऊक नव्हते. मेव्हण्याला ठाऊक होते. तो मान खाली घालून ऐकत होता.

चाव्यांपैकी दोन फिरल्या. तिसरी अडून बसली. मेव्हण्याने नव्या चकचकीत हत्यारांच्या पेटीतून दोन हत्यारे काढून पाहिली, मग न बोलता चिकटपट्टीवाली पक्कड काढली. चावी फिरली. पंप गुरगुरू लागला आणि दोन-तीन मिनिटे गुरगुरतच राहिला. गरम पाण्याच्या नळातून आधी खोकल्यासारखी हवा आली, मग धार लागली. झडपेचा दांडा उचलला तर माझ्या पायजम्यावर चिळकांडी. इतका भिजून मी कधी आनंदलो नव्हतो.

पाणी झाले, विस्तव राहिला. आता मात्र मेव्हणा म्हणाला, “भावोजी, तुमचं ते व्हाउचर-व्हाउचर करत येऊ.” मी टॉर्च भाचीकडे दिली. बँकेत याला प्रमोशन म्हणतात.

मी ज्योतीकडे नीट पाहिले. स्टोव्ह आणि बंब यांच्या सान्निध्यात वाढलेल्या माणसाला ज्योतीची नाडी कळते. निरोगी ज्योत निळी, ताठ, टोकदार. ही पिवळी आणि आळसावलेली, कांडीला धड शिवतही नव्हती. “श्वास कोंडलाय,” मी निदान केले. बंबाची जाळी राखेने भरली की विस्तव असाच धुमसतो. आम्ही बर्नरची नळी सोडवली, आणि आतून निघाले काय? कोळ्याचे घर! पांढरे, मऊ, कापसासारखे, आणि मालक जागेवर नाही. कोळ्यांना असल्या नळ्यांचे मोठे वेड. २०११ साली एका मोटार कंपनीला पेट्रोलच्या टाकीच्या नळीत कोळी घरे करतात म्हणून पन्नास हजारांवर गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या, हे मेव्हण्याने सांगितले. मला त्या कोळ्याविषयी आदर वाटला. रात्री आम्हाला वाचवले ते यानेच.

पायलटचे इवलेसे भोकही बुजले होते. मी म्हटले, “स्टोव्हची पिन आण.” मेव्हणा दचकला. “नाही, भावोजी! भोक हजारात मापलेलं असतं. पिन घातली की मोठं होतं आणि ज्योत बिघडते.” इथे इंजिनिअर बरोबर होता आणि कॉमर्स चूक. तो भाग स्पिरिटमध्ये बुडवून ठेवला आणि भाचीच्या सायकलच्या पंपाने हवा मारून साफ केला. नळी बाटलीच्या ब्रशने घासली. सगळे पुन्हा जोडले, सांध्यांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येत नाहीत ना हे पाहिले. टिक, टिक, टिक.

मेव्हण्याने खटका दाबला. ज्योत निळी आली.

“किती वेळ धरू?” तो स्वतःशीच पुटपुटला. “पुस्तकात अर्धा मिनिट...”

“मी एकशे आठ मोजते,” सासूबाई म्हणाल्या. त्यांनी जपमाळ काढली. “तोपर्यंत सोडू नकोस.”

त्याने अंगठा दाबून धरला. आम्ही सगळे गप्प. धुके विरत चालले होते, पलीकडच्या कड्यांवर ऊन आले होते. माळ संपली. सासूबाई म्हणाल्या, “आता सोड.” त्याने सोडला.

ज्योत राहिली.

बटण फिरवताच आत मोठा जाळ भप्पकन पेटला आणि पेटीच्या पोटातून बंबाचा तो ओळखीचा, घरघरणारा आवाज येऊ लागला. मेव्हणा उठला नाही. पाऊण तास तिथेच, जाळीपुढे हात शेकत बसला. सासूबाईंनी खुर्ची ओढून त्याच्याजवळ घेतली. काय बोलले ते मला ठाऊक नाही. टॉर्चची गरज नव्हती, म्हणून मी तिथे नव्हतो.

सासूबाईंची अंघोळ बादली-तांब्याने यथासांग झाली. मग चहा झाला. सकाळचे पावणेबारा वाजले होते.

साताऱ्याला परतल्यावर मी पहिले काम केले ते आमचा गॅस गीझर न्हाणीघरातून काढून बाहेर गॅलरीत बसवून घेण्याचे. ट्रेलरचा बंब आपला धूर थेट उघड्यावर सोडतो. आमचा इतकी वर्षे बंद न्हाणीत, डोक्यावर, खिडकीला कागद लावून चालला होता. जळताना हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो खोकण्याचीही सवड देत नाही. प्लंबर म्हणाला, “साहेब, इतकी वर्षं काही झालं नाही ना?” मी म्हटले, “नाही झालं. आमच्या गीझरमध्ये कोळी नव्हता, तरी नाही झालं. म्हणूनच काढ.” त्याला काही बोध झाला नाही, पण गीझर काढला.

मेव्हणा अजून ती पेटी घेऊन रानात जातो. अशा शनिवारी तिकडे सकाळी सात वाजता, म्हणजे आमच्याकडे संध्याकाळी साडेपाचला, सासूबाईंना त्याचा फोन येतो. पडद्यावर जाळीचे झाकण दिसते, लाल मुठीची पक्कड दिसते. सासूबाई चष्मा लावतात आणि कसा आहेस, जेवलास का, यातले काहीही न विचारता विचारतात,

“पाणी घातलंस?”